कडेची काजळी

पुलाजवळ लपलेल्या तिघा बंडखोरांना सैनिकांनी गोळ्या घातल्या, त्याला नऊ दिवस झाले होते. आपल्यातलाच कोणीतरी फितूर आहे हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि संशय मास्तरांवर होता. त्या तिघांना लपायची जागा त्यांनीच शोधून दिलेली. दुपारी चारला गिरणीच्या मागच्या खोलीत निकाल व्हायचा होता. निकाल म्हणजे काय, ते कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. म्हाताऱ्या मोच्यालाही तिथे हात वर करायचा होता.

त्या तिघांना डबा पोचवायचा तो मोच्याचा जावई. पण त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही, कारण म्हाताऱ्याने त्याच्याबद्दल शब्द दिला होता.

जेवण उरकून जावई आत लवंडला. मुलीने त्याचे जोडे दुकानात आणले, डाव्याची टाच हलतेय म्हणाली. तिला सातवा लागला होता. जोडे खाली ठेवतानाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. जेवताना जावयाने थट्टा केली होती, की टपाल कचेरीत तो जोडे झिजवतो ते सासऱ्याचा धंदा चालावा म्हणूनच. म्हातारा मनापासून हसला होता.

त्याने जोडा ऐरणीवर पालथा घातला. वर्षभर गावात चामडं नव्हतं. लोक टायरचे तुकडे ठोकून घेत. रापीच्या पात्याने कड खरवडली तशी काजळी सुटली आणि खालून पिवळं, जाड, कोरं चामडं दिसलं. छावणीतल्या सैनिकांचे बूट त्याला सक्तीने शिवावे लागत, हे चामडं तो नुसत्या वासावर ओळखायचा. चोरून आणलं असतं तर जावयाने आधी त्यालाच दाखवून मिरवलं असतं. एवढं चांगलं चामडं माणूस काजळी फासून कशाला लपवील?

देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण नाव आलं नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ.

एरवी जावईबापू म्हणून हाक मारणारा तो आत जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ऊठ."

हातातला जोडा पाहूनच जावयाला समजलं. दोन दिवस छावणीच्या तळघरात ठेवलं होतं, पुढचा नंबर बायकोचा म्हणाले, असं तो सांगत राहिला. जोडे त्यांनीच पायात घातले, नको म्हणायची सोय नव्हती.

"एकदाच सांगितलं, मामा."

पळून जा, हे शब्द म्हाताऱ्याच्या अगदी ओठांवर आले. पोरीचं कुंकू होतं ते. त्याने एवढंच विचारलं, आज मास्तरांचं काय होणार ते ठाऊक आहे ना?

जावयाने मान खाली घातली. "मास्तरांचं वय झालंय. त्यांच्यामागे रडायलाही कोणी नाही."

म्हातारा जोडा घेऊन तसाच वळला. मग दुकानात गेला, टाचेला चार खिळे नीट ठोकले आणि जोडा आणून त्याच्या पायाशी ठेवला.

"घाल. गिरणीत तू स्वतः सांग. नाहीतर मी इथेच, तिच्यासमोर सांगतो."

जावयाने जोडे घातले. बंद बांधून उठला.

मुलगी दारात आली. आज तिला एकटीला बरं वाटत नव्हतं, दोघंही लवकर या म्हणाली. जावयाने तिच्याकडे पाहिलं नाही.

म्हातारा जन्मात तिच्याशी खोटं बोलला नव्हता.

"मी येतो," तो म्हणाला आणि त्याने दार ओढून घेतलं.