आऱ्या सुटल्या

चैत्राचं कोवळं ऊन कृष्णाकाठच्या मळ्यावर उतरलं, तेव्हा भुईमूग फुलांनी डवरला होता. पिवळी, हळदपिवळी, अंगाला नुकती हळद लागल्यागत पिवळी. उगवतीला उमलणारी, माध्यान्हीला मावळणारी, एका सकाळचं आयुष्य ल्यालेली इवली फुलं. मधमाशी आली तर आली, न आली तर न आली. मिटल्या पाकळीच्या गाभाऱ्यात त्यांचं लग्न पहाटेच लागलेलं. आपलाच पराग, आपलंच कुंकू. ना वऱ्हाड, ना वाजंत्री.

त्या फुलांवरून तानूबाई रिकामा ड्रम लोटत होत्या. गडगड, गडगड. पुढं त्यांची सून हौसा वाटेतले दगड वेचत होती. हौसाला पाचवा महिना. पोटातल्या जिवाचा बाप माघातल्या तापात गेला. कपाळ रितं, कूस भरलेली. डोळ्यांत ग्रीष्म, देहात श्रावण.

बांधावर तिचा भाऊ दिनकर बसला होता, तासगावकडचा, द्राक्षबागेतला. त्यानं स्थळ आणलं होतं. माणूस बरा, घर भरलं, अट एकच: बाळ जन्मलं की ते सासूपाशी ठेवून यायचं. उत्तर आजच न्यायचं होतं. तानूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "जा बाई, माझ्याकडं बघून थांबू नको. लेकराला मी बघीन." आणि चुलीकडं तोंड फिरवलं होतं.

"अहो मावशी, फुलं चिरडताय की!" दिनकर ओरडला. "आम्ही घडावर फुंकरसुद्धा जपून घालतो."

"तुमची द्राक्षं म्हणजे जावईबापू, मांडवात बसून लाड करून घेणारी," तानूबाई हसल्या. "फुलाचं काम उरकलं पहाटेच, घरातल्या घरात. आता बुडातनं आऱ्या सुटल्यात. ड्रमानं वेल दाबून त्यांना माती गाठून दिली, की शेंग धरते. अधांतरी राहिली, ती वाळली."

हौसा वाकली. तिनं एक वेल उचलून पाहिली. कालचं फूल सुकून चिंधी झालं होतं. पण त्याच्या तळातून निघालेली जांभळट, सुईटोकी आरी खाली, खाली, खालीच चालली होती. आभाळाकडं पाठ, मातीकडं तोंड. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. शेजारची एक आरी जमिनीत शिरली होती. हौसानं ती हलकेच ओढली. सुटली नाही.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, त्यांना नकार कळव."

"अगं, पण..."

"पदरातल्या लेकरासकट ये म्हणणारा कुणी भेटला, तर बघू. ठेवून ये म्हणणाऱ्याच्या उंबऱ्याला मी पाय लावायची नाही."

"एकटीनं वाढवणार?"

"एकटी कशानं? ह्या आत्या आहेत. तू आहेस. नसशील, तर तसं सांग."

तानूबाईंचे हात ड्रमवरच थबकले. पदराचं टोक डोळ्यांशी गेलं, तिथंच राहिलं. वारा फुलाफुलांतून अनवाणी चालत गेला.

दिनकर उठला, चपला बांधावर काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

"सरका मावशी. किती जोरानं लोटायचं, ते तेवढं सांगा."

गडगड, गडगड. वेली लवल्या, फुलं निजली, ऊन चढलं. आणि खाली, ओल्या काळोखात, जिथं ना डोळा पोचतो ना दिवा, तिथं एक कोवळं टोक सावकाश वळलं, आडवं झालं, मातीच्या कुशीला टेकलं, आणि भरू लागलं.