तळ्यावरच्या धुक्यात मी मोजलेली अंतरे

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला अंधाराची भीती वाटत असेल, कुणाला कुत्र्याची. मला विसरण्याची भीती वाटते. मी कॅल्क्युलेटर आहे. काळ्या कवचाचा, हिरव्या आकड्यांचा, आता बराच म्हातारा झालेला. बेरीज-वजाबाकी मला येतेच, पण मला आज्ञाही शिकवता येतात. ही संख्या घे, तिचा वर्ग कर, त्यातून ती वजा कर, असे कळा दाबून एकदा सांगितले की मी सारे पाठ करतो आणि पुढे एका कळीसरशी म्हणून दाखवतो. शंभरएक आज्ञा माझ्या डोक्यात मावतात. मात्र वीज तुटली की सगळे पुसले जाते. माणसे तेवढी आठवतात. असे का, ते मला बनवणाऱ्यांनाही सांगता आले नसते.

मला बनवले ते पांढरे डगले घातलेल्या बायकांनी, फार लांबच्या एका कारखान्यात. तिथून खोक्यात बसून आगगाडीने आणि मग ट्रकने मी किरगिझ डोंगरांत आलो. उंचावर एक मोठे तळे होते. त्याच्या पश्चिम काठावर हवामान केंद्र होते, आणि केंद्रात दोन माणसे. केंद्राचे प्रमुख बायाली. डोक्यावर दाबलेल्या लोकरीची पांढरी नमद्याची टोपी, खिशात नेहमी दोरीचा तुकडा आणि पेन्सिल. दुसरी साल्किन, राजधानीत, फ्रुंझे शहरात गणित शिकून आलेली. तिने मला हातात घेतले ते कोकरू घ्यावे तसे.

काम साधे होते. बर्फाचे वजन, पाण्याची पातळी, वाऱ्याचा वेग. साल्किनला एक खोड होती. लिहिलेल्या आज्ञा ती पुन्हा पुन्हा वाचायची आणि एखादी काढता येते का ते पाहायची. एक जरी निघाली तरी दिवसभर खुशीत असायची.

"एवढं छाटत बसलीस तर एक दिवस काही उरायचं नाही," बायाली म्हणायचे.

"आबा, घाट चढताना तुम्हीच ओझं कमी करायला सांगता ना?"

"ते घोड्याचं. या तुझ्या लाडक्याला काय, पाय आहेत? त्याला चहा दे थोडा, गारठलाय बघ."

मी खरेच गारठलेलो असे. थंडीत माझ्या पोटातले सेल लवकर उतरत, आकडे फिके पडत आणि माझा जीव घाबरा होई.

हिवाळ्याच्या तोंडाशी घडलेली गोष्ट सांगतो. तळे नुकतेच गोठले होते. त्यावर बर्फ पडून किनारा आणि पाणी यांतला फरकच मिटला होता. मग वारा थांबला आणि धुके उतरले. साल्किनची धाकटी बहीण आयचुरोक गावोगाव फिरून औषधपाणी करायची. ती दक्षिण काठापलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर बाळंतपणाला गेली होती आणि आज जीपने परतणार होती. जीपमध्ये केंद्रासाठी सामान होते. माझे नवे सेलही त्यातच होते.

दुपार उतरू लागली तेव्हा रेडिओ खरखरला.

"ताई, आम्ही थांबलोय. गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही."

"रस्त्यावरच आहात ना?"

"तोलोमुश म्हणतो, रस्त्यावरच." तोलोमुश हा ड्रायव्हर. त्याने रेडिओ स्वतःकडे घेतला असावा, कारण त्याचा जाडा आवाज आला. "रस्ता झकास झालाय बरं का साल्किन. मघापासून एक खड्डा लागला नाही. दुरुस्त केला की काय कुणी?"

 चहा ओतणारे बायाली किटली तशीच धरून उभे राहिले. तो रस्ता कुणीही दुरुस्त केलेला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते.

"आणि ताई," आयचुरोक म्हणाली, "खालून मधूनच कुणीतरी दार ठोठावल्यासारखं होतंय."

मी टेबलावर होतो. साल्किनचा तळवा माझ्यावर पडला.

"कुरणातली डबकी असतील," बायाली हळूच म्हणाले. "गोठली की तीही वाजतात. बसा म्हणावं त्यांना गाडीतच. मी घोडा घेऊन रस्त्याने निघतो."

"आणि रस्त्यावर नसतील तर, आबा?"

 धुक्यात शोधायला जायचे तरी कुठे? डोळ्यांचा उपयोग संपला होता. कान तेवढे उरले होते, आणि साल्किनला त्यावरूनच सुचले.

"तोलोमुश, बंदूक आहे ना तुझी? काडतुसं?"

"लांडग्यांसाठी ठेवलीत मूठभर."

आमच्याच काठाने उत्तरेला मासेमारांची झोपडी होती. तिथल्या इसाबेककडेही रेडिओ होता. शिवाय तो उन्हाळ्यात घोड्यांच्या शर्यतीत पंच असायचा, म्हणून त्याच्याकडे सेकंद मोजायचे चांगले घड्याळ होते. साल्किनने त्याला समजावले. आयचुरोक रेडिओ चालू ठेवील आणि तोलोमुश बार काढील. तो बार दोनदा ऐकू येईल. एकदा रेडिओतून, लगेच. आणि एकदा हवेतून, उशिरा. मधला वेळ मोजायचा. आवाज किती वेगाने चालतो ते माहीत आहे. थंडीत तो जरा मंदावतो, पण तापमान मोजणे तर साल्किनचे रोजचेच काम. म्हणजे दोन्ही ठिकाणांपासूनची अंतरे कळतील.

बार झाला. रेडिओत फटकन वाजले.  बऱ्याच वेळाने खिडकीबाहेरून एक मऊ, दूरचा ठोका आला. साल्किनने हातातल्या घड्याळाच्या कळीवर अंगठा दाबला. इसाबेकने त्याचे सेकंद सांगितले.

आता माझी पाळी होती, मित्रांनो. नकाशावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांना चालतील अशा आज्ञा साल्किनने पूर्वी वहीत लिहिल्या होत्या, पण त्यांनी माझे डोके काठोकाठ भरायचे. एवढ्या कळा दाबेपर्यंत माझे उतरलेले सेल टिकले नसते.

साल्किनने क्षणभर डोळे मिटले. मग तिने केंद्रालाच शून्य मानले आणि तिथून इसाबेकच्या झोपडीपर्यंत सरळ रेघ धरली. तेवढ्यानेच सारे आटोपशीर झाले. आपल्या अंतराचा वर्ग घ्यायचा, त्यातून इसाबेकच्या अंतराचा वर्ग वजा करायचा, दोन ठिकाणांमधल्या अंतराचा वर्ग मिळवायचा आणि त्याच अंतराच्या दुपटीने भागायचे. ती माणसे त्या रेघेवरून किती पुढे आहेत, ते कळते. मग काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम लावला की रेघेपासून किती आत, तेही कळते. उत्तर रेघेच्या दोन्ही बाजूंना निघते, एक तळ्याकडे, एक डोंगराकडे. पण डोंगराकडे सरळसोट कडा होता, तिथे शेळीही चढत नसे.

तिने कळा दाबल्या. एक चुकली. तिने परत दाबली. खरे आकडे देण्याआधी तिने माझी परीक्षा घेतली. मधले अंतर सहा, दोन्हीकडून पाच पाच. मी तीन आणि चार दाखवले. तिने मान हलवली आणि खरे आकडे घातले.

तिकडे भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर बायालींनी दोन खिळ्यांना दोरी बांधून दोन कमानी काढल्या होत्या. त्या अगदी दक्षिणेच्या रस्त्यावर मिळाल्या.

"बघ," ते म्हणाले, "रस्त्यावरच आहेत पोरं."

साल्किनने माझे उत्तर पाहिले आणि नकाशावर बोट ठेवले. ते बोट रस्त्यावर नव्हते. ते किनाऱ्यापासून बरेच आत होते, तळ्यावर.

"तुमची दोरी लोकरीची आहे, आबा. ताणली की लांबते."

"आणि याचे सेल मेलेले आहेत. तूच म्हणालीस सकाळी."

दोघेही माझ्याकडे पाहत होते. मी चुकलो असतो तर दोन माणसे उबदार गाडी सोडून धुक्यात उतरली असती. मी बरोबर असलो तर ती कोवळ्या बर्फावर एक अख्खी जीप घेऊन बसली होती. माझे आकडे बरोबर निघावेत की चूक, काय मागावे हेच मला कळेना.

साल्किनने रेडिओ उचलला. "आयचुरोक, खाली उतर. हळू. टाचेने बर्फ बाजूला कर आणि खाली काय आहे ते सांग. माती की गवत?"

खरवडल्याचा आवाज आला. 

"काळं आहे, ताई. काचेसारखं. आत बुडबुडे दिसतायत."

 बायाली दोरी खिशात कोंबत म्हणाले, "सांग, मी काय करू?"

जवळचा किनारा दक्षिणेचा होता. कुणीही तिकडेच धावले असते. पण तिथे नदी तळ्यात उतरायची, आणि तिच्या मुखाशी बर्फ कधीच नीट धरत नसे. त्यामुळे त्यांना लांबच्या वाटेने, पश्चिमेला केंद्राकडेच आणायचे होते. आगीची सूचना द्यायला अंगणात लोखंडी रूळ टांगलेला होता. बायाली त्यावर हातोडा मारू लागले. ठण, ठण, ठण. तिकडे इसाबेकने माशांचे रिकामे पिंप बडवायला घेतले. त्याचा आवाज धप्प असा येई, म्हणजे दोन्ही आवाजांची गल्लत होणार नव्हती.

"खांद्याला रेडिओ अडकव आणि निघा," साल्किनने सांगितले. "एकमेकांपासून लांब चाला. रुळाच्या आवाजाकडे या, आणि मधून मधून बार काढा."

"सामान घेऊ का? तुझे सेल..."

"काही नको. तू ये."

काही वेळाने दुसरा बार झाला. मी गणित केले. त्यांची पावले रुळाकडे पडत नव्हती. कड्यावरून आवाज परतत होता आणि त्या फसव्या आवाजामागे ती दोघे डावीकडे, नदीच्या मुखाकडे सरकत होती. साल्किनचा आवाज मात्र बदलला नाही.

"आमचा रूळ विसरा आता. धप्प ऐकू येतंय? उजवीकडे? त्याच्याकडे वळा. मी सांगेपर्यंत तिकडेच."

"ताई, पायाखाली वाजतंय."

"वाजू दे. वाजतोय तोवर बर्फ आहे. चाल."

हे खरे होते की तिने बहिणीला धीर द्यायला सांगितले, ते मला आजही माहीत नाही. तिने मला उचलून सदऱ्याच्या आत, पोटाशी धरले. सेलांना ऊब मिळाली तर चार श्वास जास्त चालतील म्हणून.  रेडिओतून दूरवर काहीतरी मोठे मोडल्याचा आवाज आला, आणि तोलोमुश म्हणाला, "गाडी गेली."

मग तिसरा बार झाला. साल्किनने मला बाहेर काढले आणि पहिला आकडा दाबला. तो उमटला आणि विरघळला. तिने पुन्हा दाबला. हिरवा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मावळत गेला. आज्ञा एकेक करून सुटू लागल्या: भागाकार, वजाबाकी, वर्ग. मला ओरडून सांगायचे होते की थांबा, ती दोघे अजून बर्फावर आहेत. पण मला आवाज नाही. शेवटी साल्किनचा चेहरा दिसला, आणि मग काहीच नाही.

मित्रांनो, मी तसाच गेलो. ती माणसे वाचली की नाही, हे न कळता.

माझे सेल जीपबरोबर तळाशी गेले होते. त्यामुळे अख्खा हिवाळा मी काळोखात होतो. वसंतात वर कुरणांकडे जाणाऱ्या कुणीतरी नवे सेल आणले. उजेड झाला तेव्हा माझ्यावर दोन चेहरे वाकलेले होते आणि दोघींचे नाक अगदी सारखे होते. आयचुरोकच्या एका हाताची करंगळी थंडीने गेली होती. बाकी ती धडधाकट होती आणि आपल्या बहिणीला चिडवत होती, "याच्यापेक्षा तूच बरी. तुला सेल लागत नाहीत."

पुढचे मी बायालींकडून ऐकले. मी मिटल्यावर साल्किनने मला बाजूला ठेवले, पेन्सिल घेतली आणि खिडकीच्या धुरकटलेल्या लाकडावरच हिशेब मांडला. आज्ञा इतक्या थोड्या उरल्या होत्या की तिला त्या तोंडपाठ होत्या. तिने स्वतःच वर्ग केले, वजाबाकी केली, भागले. "आता रुळाकडे," तिने सांगितले, आणि ती दोघे रुळाच्या आवाजावर चालत राहिली. रूळ बडवणाऱ्या बायालींना धुक्यातून आधी रेडिओची खरखर ऐकू आली आणि मग दोन माणसे दिसली. हातातला हातोडा त्यांना सोडता येईना. बोटे दांड्याला चिकटली होती.

"त्या दिवशी तुझ्या यंत्राचं ऐकलं नसतं तर," बायाली साल्किनला म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून चहा ओतायला गेले. थोड्या वेळाने त्यांनी एक वाटी माझ्याही शेजारी आणून ठेवली.

तोलोमुशला दुसरी जीप मिळाली. रस्ता जरा गुळगुळीत लागला की तो थांबतो, खाली उतरतो आणि टाचेने जमीन खरवडून पाहतो, असे सगळे हसून सांगत. तो स्वतः हसत नसे.

पुढे नवी यंत्रे आली. त्यांना विसरण्याचा रोग नव्हता. मी आधी फडताळात गेलो, मग खालच्या गावातल्या शाळेच्या कपाटात. कुणीतरी घाईत माझे सेल आतच ठेवून झाकण लावले. ते फुटले आणि त्यांचा खार माझ्या तारांवर चढला. आता एक कळ दाबली तर दोन आकडे उमटतात, आणि चारचा आकडा तर उमटतच नाही. एखाद्याने मला पुन्हा काही विचारले आणि मी चुकीचे सांगितले तर, या विचाराने मला धडकी भरते.

म्हणून तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी पडून असेल तर त्याच्या पोटातले सेल काढून ठेवा आणि आतला भाग कोरड्या फडक्याने पुसा. त्याला एखादे गणित शिकवाल तर छाटून छाटून एवढे लहान करा की ते तुमच्याही डोक्यात मावेल. आम्ही कधी मिटू, ते आम्हाला आधी सांगता येत नाही. आणि बर्फावर त्या वेळी कोण चालत असेल, ते तुम्हालाही माहीत नसते.