कार्पेटखालचा वास

रजनीने भाजीची सुरी कार्पेटच्या कडेखाली खुपसली आणि वर उचकटली. कडेची लाकडी पट्टी जागची हलली नाही. नाकातोंडावर बांधलेला नवऱ्याचा, विजयचा रुमाल तिने घट्ट केला, पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत गुडघ्यांवर थोडी पुढे सरकली आणि पुन्हा जोर लावला. वास इथूनच येत होता, सोफ्यामागच्या कोपऱ्यातून. दमट, कुजका वास. मेलेल्या उंदराचा असणार, दुसरं काय. पण त्या आठवड्यात सुरतेत हे शब्द कोणी घरात मोठ्याने उच्चारत नव्हतं.

कार्पेट तिनेच हट्टाने आणलं होतं. विजय म्हणाला होता, बँकेतल्या माणसाला चटई पुरते. सासूबाई, सरलाबाई, एवढंच म्हणाल्या होत्या, "मंग फरशी पुसायची कशी?" पण रिंग रोडवरच्या दुकानात रजनीने एकेका तुकड्यावरून तळवा फिरवून पाहिला आणि गर्द मरून रंग पसंत केला. श्रावणात कारागिरांनी खाली फोम अंथरला, सोल्युशन लावून कार्पेट चिकटवलं, कडेने पट्ट्या ठोकल्या. पाणी तेवढं लागू देऊ नका, असं बजावून ते गेले. मग तापीचं पाणी सोसायटीत शिरलं आणि दाराच्या फटीतून हॉलमध्ये आलं. पंखा लावून तिने वरचे धागे वाळवले, ब्रशने पुन्हा उभे केले. दिसायला सगळं पहिल्यासारखं झालं.

आणि मग प्लेग आला. समोरच्या बिल्डिंगला कुलपं लागली. माणसं स्कूटरवर बोचकी बांधून मिळेल त्या रस्त्याने शहराबाहेर पडत होती. जी राहिली ती प्लेगवरच्या कॅप्सूल गिळत होती. रजनीला डॉक्टरांनी त्याही नाकारल्या. "तुमच्या या दिवसांत चालायच्या नाहीत. घरातच राहा. कोणी खोकत असेल तर लांब राहा."

घरात सरलाबाई खोकत होत्या.

त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपायच्या. पुरानंतर केव्हातरी त्यांना कोरडी ढास लागू लागली होती. विजयने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तरी रजनीने त्यांचं अंथरूण मागच्या खोलीत हलवलं आणि ताट उंबऱ्यावर ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सरलाबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि ताट आत ओढून घेतलं. तेव्हापासून त्या उशीत तोंड खुपसून खोकत. रजनीला तो दाबलेला आवाज जास्तच ऐकू यायचा.

आज विजय बँकेत गेल्यावर वरच्या मजल्यावरची चंचलबेन जाळीच्या दारापाशी येऊन उभी राहिली होती. तोंडाला ओढणी, हात कडीपासून लांब.

"घरमां कोई बीमार तो नथी ने?"

"ना, कोई नथी," रजनी म्हणाली. बोलताना तिचं सगळं लक्ष मागच्या खोलीच्या दाराकडे होतं.

चंचलबेनने हवा हुंगली. "आ वास शेनी आवे छे?"

"पुराचा ओलावा आहे, बेन."

ती गेली. पण जिना चढताना थांबून तिने मागे वळून पाहिलं, ते रजनीला दिसलं. उंदीर सापडला की महापालिकेची गाडी येते, घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात नेते, असं सोसायटीत बोललं जात होतं. तिथे पोटातल्या जिवाचं काय होईल, हा विचार तिने पुढे जाऊ दिला नाही. तिने खिडक्या लावून घेतल्या आणि सुरी आणली.

पट्टी निघाली. रजनीने कार्पेटची कड दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि ओढलं. सोल्युशन करकरत सुटलं. डोळे उघडायला तिला वेळ लागला.

उंदीर नव्हता. फोमचा ओल्या पावासारखा लगदा झाला होता. त्यावर हिरवी-काळी बुरशी माजली होती आणि ओढल्याच्या हिसक्याने तिची भुकटी उडाली. रजनीने श्वास घेतला आणि तिला ठसका लागला. तो थांबेना. रुमाल गळ्यात उतरला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पोट आवळून आलं. झालं, तिला वाटलं. मला धरलं.

मागच्या खोलीचं दार उघडलं. रजनीने हाताने खूण केली, तिकडेच थांबा. सरलाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी आधी खिडकी उघडली, मग पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याशेजारी त्या लगद्यावरच बसल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःच्या पदराने तिचं तोंड पुसलं.

"आई, लांब व्हा. मला ते असलं तर…"

"तर मलेबी होईल. पाणी पे, माय."

तिने दोन घोट घेतले. ढास पुन्हा आली. कोरडी, मुळापासून खरवडून काढणारी. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. इतके दिवस तो भिंतीपलीकडून येत होता. तिने उघड्या पडलेल्या बुरशीकडे पाहिलं, मग पुरानंतर सरलाबाई जिथे झोपत होत्या त्या दिवाणाकडे, मग त्यांच्या तोंडाकडे. त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या. जाळीच्या दाराकडे पाहत होत्या.

जिन्यावर चपला वाजल्या. जाळीबाहेर चंचलबेन उभी होती. या खेपेला तिच्यामागे आणखी कोणीतरी होतं.

"कोने उधरस आवे छे? कोण खोकतंय?"

रजनीने तोंडावर हात दाबला. आत ढास उसळत होती.

सरलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जाळीपाशी गेल्या.

"मले, बाई," त्या म्हणाल्या. "म्हातारीले."

बाहेरची पावलं मागे सरली. कोणीतरी खालच्या आवाजात काही बोललं. सरलाबाई जाळीला धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या मागचं काहीही बाहेरून दिसत नव्हतं.

रजनीने हात काढला. भिंतीचा आधार घेत ती उठली आणि जाळीपाशी, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मग ढास आली, ती तिने येऊ दिली.