रिकामा डेक

टेकडीवर दुर्बीण लावून बसलेला म्हातारा पेड्रिक खाली ओरडला, "आली गं, आपली 'हेरन' आली! आणि डेक बघा, रिकामा!"

अमेरिकेतल्या मार्बलहेडच्या धक्क्यावर बायकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या गावात जहाज असं रिकामं परतलं असतं तर बायकांनी ऊर बडवून घेतला असता. इथलं गणित निराळं होतं. इंग्रजांशी लढाई पेटल्यापासून मासेमारी बसली होती आणि सरकारनं खाजगी जहाजांना शत्रूची व्यापारी जहाजं धरायचा परवाना दिला होता. परवाना नसता तर तुम्ही सगळे चाचेच, असं डॉर्कस ट्रेफ्री नवऱ्याला चिडवायची. 'हेरन' निघाली तेव्हा तिच्यावर माणसाला माणूस खेटून उभा होता. धरलेल्या प्रत्येक जहाजावर आपली पाच-सहा माणसं चढवून ते घराकडे हाकायचं असतं ना! म्हणून परतताना जितकी माणसं कमी, तितकी मागून येणारी जहाजं जास्त.

डॉर्कसचा एलियस तर तारे बघून वाट काढणारा. पहिलं मोठं जहाज त्यालाच मिळणार. एवढी एक सफर, मग समुद्राचं नाव काढणार नाही, असं तो बोलून गेला होता. म्हणून तो डेकवर दिसू नये, अशी तिनं रोज प्रार्थना केली होती.

जहाज जवळ आलं. तिनं एकेक चेहरा निरखला. एलियस नव्हता. तिला हायसं वाटलं.

"माझा बघ कसा उभाय!" शेजारची प्रूडन्स कुरकुरली. तिचा जोब कठड्याला टेकून उभा होता.

"अगं, त्याच्या हाती जहाज द्यायला कप्तानाला वेड लागलंय का? तो ते थेट इंग्लंडला नेईल!" डॉर्कस म्हणाली. बायका खो खो हसल्या. प्रूडन्सही हसली, पण नाक मुरडून.

फळी टाकली तसा जोब सगळ्यात आधी उतरला. बायकोकडे न जाता तो डॉर्कससमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"जोब, माझ्या माणसाला कसलं जहाज मिळालं रे? साखरेचं की रमचं?"

जोबनं मान खाली घातली.

"अरे, एवढं तोंड पाडायला काय झालं? तुला नाही मिळालं म्हणून?"

"डॉर्कस, वारा पडला होता गं," जोब हळू आवाजात म्हणाला. "पाण्यावर सुरकुती नाही. समोर जाडजूड व्यापारी जहाज, शिडं ठिगळांची, डेकवर पिंजऱ्यात कोंबड्या. वल्ही मारत होड्यांतून जाऊन धरू म्हटलं. जहाज सांभाळायला आम्ही थोडे राहिलो, बाकी सगळे निघाले. एलियस पहिल्या होडीत."

"मग?"

"कोंबड्या देखाव्याला होत्या. लढाऊ जहाज होतं ते. तोफा कापडाआड होत्या, होड्या जवळ जाताच डागल्या. कप्तान म्हणाला, खोटी निशाणं तर आपणही लावतो, पण ते लावतील हे सुचलंच नाही बघ. मग वारा आला. आपलं जहाज हलकं, पळायला चपळ. आम्ही पळालो."

"एलियसला पोहता येतं."

"मी बघितलं, डॉर्कस. एकही होडी उरली नाही."

डॉर्कसनं मान हलवली, जणू कुणी भाव सांगितला आणि तिला पटला. मग ती दोराच्या वेटोळ्यावर बसली. रोजची प्रार्थना तिला आठवली. देवानं ती शब्दाला शब्द ऐकली होती.

मागच्या बायकांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांचा गलका चालूच होता. कुणी नव्या चुलीचं बोलत होतं, कुणी मुलीच्या लग्नाचं.

"डॉर्कस!" प्रूडन्सनं हाक मारली. "दडवून काय ठेवतेस? सांग की, किती जहाजं धरली?"

डॉर्कसनं जोबकडे पाहिलं. त्यानं एक बोट वर केलं आणि लगेच खाली घेतलं. "लहानसं," तो पुटपुटला.

ती उठली. वळून बायकांकडे तोंड केलं. या बायकांना काही समजावून सांगावं लागत नाही.

"एकच," ती म्हणाली. "लहानसं."

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एकीनं डेककडे पाहिलं, ओठ हलवत मनाशी हिशेब केला, लहानशा जहाजावर पाच-सहा माणसं, मग बाकीची कुठे, आणि तिचा हात तोंडावर गेला. मग तिच्या शेजारणीचा.