दोन महिन्यांनंतरच्या पावत्या

टाचणी ओठांत धरली की जिभेला लागते ती लोखंडाची चव... आणि प्रमिलाला वाटलं, आपण अगदी हापिसातल्या मॅडम दिसत असू! सतरंजीवर तिने आईच्या हाताचं सगळं आजारपण मांडलं होतं – ऑपरेशन एका ढिगात, औषधं दुसऱ्यात, धुळ्याच्या डॉक्टरांकडे बोटांचा व्यायाम घेतला त्याच्या पावत्या तिसऱ्यात. विमा एजंट रुपचंदभाऊंनी बजावलं होतं, एका आजाराचा एकच क्लेम, सुटं सुटं पाठवायचं नाही. पण पॉलिसीतलं बारीक इंग्रजी त्यांनीही वाचलं नसावं – ते वाचलं दहावीतल्या प्रमिलाने, ओळीवर बोट ठेवून, खणखणीत आवाजात.

"नाना, दवाखान्यातून घरी सोडल्यापासून दोनच महिने धरतात. नंतरचे व्यायाम यात बसतच नाहीत!"

"वा गं वकिलीणबाई!" वडील खूश होऊन हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "बसत नाहीत ना? मग धुळं बंद. घरच्या कामानेही हात सुटेल."

"बरं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "पोरीची शाळाही बुडते."

एवढंच.

तिसऱ्या ढिगाचे दोन ढीग करता करता प्रमिला रेंगाळली... दोघी जायच्या तेव्हा पारोळ्याला एसटी थांबली की आई खिडकीतून डाव्या हाताने पेरू घ्यायची आणि पुढे धुळ्यापर्यंत बोलत सुटायची – "यावलच्या शाळेत कबड्डी खेळायचे मी, एकीचं नाक फोडलं होतं" – हीच का ती, घरात "मीठ बघ" एवढंच म्हणणारी? रबरी चेंडू दाबताना चेहरा पिळवटायचा, तरी म्हणायची, "हसू नको व, तुझाच गळा दाबायची प्रॅक्टिस करतेय!"

सांगावं का, मी चुकीचं वाचलं म्हणून? पण चुकलं नव्हतंच... इतकं बरोबर मी कधी वाचलं नव्हतं, सगळ्यांनी ऐकलं, आणि मला केवढा आनंद झाला – त्या आनंदात मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती उठून आत गेली. आई एकाच हाताने पीठ मळत होती, परात सरकत होती.

"आई, मूठ मिटून दाखव ना."

"दाखवायचं काय त्यात? मिटते." उजवा हात पदराखाली गेला. "मीठ बघ जरा."

प्रमिलाने मिठाचा डबा काढून दिला. आई हाताच्या अंतरावर होती – आणि तिच्यापर्यंत आता कुठून जायचं, ते प्रमिलाला सुचेना.