मोटरीची पूजा

अल्कानं हिरवं बटन पुन्हा दाबलं. रोबोटनं तांदळाचं पोतं उचललं, वळायला गेला, थरथरला आणि तिथंच अडकला.

"हात नको लावू," मागून राइस मिलचे मालक दुर्गाप्रसाद म्हणाले. "तूने ही बिगाडा है. उद्यापासून झाडू मार."

सडक अर्जुनीच्या या मिलमध्ये पोती रचायला रोबोट आला, तेव्हा नागपूरला राहून तो चालवायचं शिकून आली ती अल्का. महिनोन्‌महिने बिनतक्रार चालवला. आणि एक दिवस अडला तर लगेच झाडू? तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"मी कायले बिघडवू, सेठजी? दसऱ्याले मी दीक्षाभूमीवर होती. परत आली तवापासून तो असाच करून राहिला."

"तेच तर. मशीनच्या पूजेला सगळे होते. तूच नव्हती."

म्हणजे तोही गुन्हा तिचाच. अल्कानं हातमोजे काढून खिशात कोंबले, पण मेकॅनिक येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

नागपूरहून आलेल्या प्रफुल्लनं रोबोटच्या बुडातली सर्वो मोटर खोलली. हात किती वळवायचा, नेमका कुठं थांबवायचा, ते काम हिचं. तिच्या वायरींच्या जोडावर चिकट थर साचला होता. कुंकू लागलेल्या नारळाच्या शेंड्याही निघाल्या.

"इथं नारळ फोडला का कोणी? पाणी आत गेलं ना."

मजुरांनी दुर्गाप्रसादांकडे पाहिलं. फोडताना काढलेला फोटो त्यांनी स्वतःच मिलच्या ग्रुपवर टाकला होता.

"भगवान का पानी है," ते म्हणाले, "उससे क्या होता है." आणि फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. चुकलं म्हणायला जीभ रेटली नाही.

नवी मोटर येईपर्यंत अल्का झाडूच मारत होती. परत मशीनवर ये, असं तिला कोणी म्हटलं नाही. मोटर बसली त्या दिवशी दुर्गाप्रसाद अनवाणी, पूजेचं ताट घेऊन आले. नारळ उचलतात तोच अल्का रोबोटच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. हातात मोजे घातलेले होते.

"बाजूला हो."

"होत नाई. नारळ बाहेर फोडा. परत बिघडला त झाडू मलेच द्याल."

दुर्गाप्रसादांनी नारळ परत ताटात ठेवला. मग दाराशी जाऊन त्यांनी चपला शोधल्या आणि बाहेर पडले. पायरीवर नारळ फुटल्याचा आवाज आला.

अल्कानं हिरवं बटन दाबलं.