मिंगेलच्या कुलपांचा विमा

"ह्या कुलपाची किल्ली बैलगाडीतून आणूक लागायची, मॅडम," मी सांगितलं.

विमा कंपनीच्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे. कुलूप सोललेल्या नारळाएवढं होतं. किल्ली बैलगाडीतून नसेल येत, पण कमरेला बांधली तर माणूस एका अंगाला कलंडला असता, एवढं नक्की.

"भाई, तू गप ऱ्हव," मिंगेल दातओठ खात म्हणाला.

राहिलो असतो. पण त्याच्या पुढच्या खोलीत निम्मी वाडी जमून बोलत होती, आणि गप्प राहायचं ते मी एकट्यानेच का?

मिंगेल माझा शेजारी. हयात गेली एसटीत, मालवण-कुडाळ गाडीवर कंडक्टर म्हणून. आमच्या वाडीत एक समजूत आहे. घर विकून किंवा मोडून जो कायमचा निघतो, त्याने दाराचं कुलूप बरोबर न्यायचं नाही. नवीन दाराला लावलं तर बिऱ्हाड तिथेही टिकत नाही म्हणे. टाकूनही देववत नाही. मग कुडाळ स्टेशनला जायला त्याच्या एसटीत बसलं, तिकीट काढलं, की माणसं ते कुलूप मिंगेलच्या हातात ठेवायची. "तुझ्याकडे ऱ्हांव दी रे." तो ते घरी आणायचा, रॉकेलात बुडवून गंज काढायचा आणि खिळा ठोकून भिंतीला टांगायचा. आज त्याच्या पुढच्या खोलीत भिंत कुठे संपते आणि कुलूप कुठे सुरू होतं, ते पालीलासुद्धा उमगत नाही. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आला, की हा खोबरेलाची वाटी घेऊन बसतो आणि एकेकाच्या भोकात थेंब सोडतो.

पावसाळ्यात इंग्लंडहून त्याच्या मुलाचा, रोनीचा फोन आला. "पप्पा, ता भंगार आधी काढून टाक. भिंतीक नवो रंग लावया."

मिंगेल तसाच माझ्याकडे आला. "भाई, माझे डोळे मिटले काय रोनी ह्या सगळा किलोवर घालतलो."

"मगे काय करतलंस?"

"विमो उतरवतंय. कंपनीचो शिक्को पडलो काय वस्तू मोठी जाता. विमो उतरवलेली वस्तू भंगारात घालूक रोनीचो हात धजाचो नाय."

म्हणजे भरपाईबिरपाई काही नको होती. शिक्का हवा होता. मी हसलो नाही. फार कष्ट पडले.

तर घराच्या विम्यात कुलपंही घालावीत म्हणून मिंगेलने अर्ज केला, आणि कुडाळहून समीक्षा नावाची ही बाई पाहणीला आली. स्कूटरवरून, घामाघूम. एक कुलूप बोटाने हलवून तिने विचारलं, "यांची बिलं आहेत?"

"नाहीत, मॅडम. लोकांनी प्रेमाने दिली," मिंगेल कचेरीतल्या मराठीत म्हणाला.

"मग किंमत कशी ठरवायची? फार जुनी आहेत का?"

इथे घात झाला. घरं गेली तरी त्यांचे भाऊबंद वाडीतच होते. समोरच्या घरातली शेवंती पदर खोचून पुढे सरसावली. "ह्या आमच्या चुलतआज्याचा. किल्ल्यावरच्या खजिन्याक लावलेला होता!"

"खजिन्याक?" किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून थेट इथे आलेला बाबली उसळला. "तुझ्या आज्याकडे कोंबडी झाकूक खुराडा नाय होता, खजिनो खंयचो? मॅडम, ह्या बघा. आमच्या थोरल्या घराचा. ह्या कुलपान माझ्या पणज्यान वाघ मारल्यान."

"वाघ मेलो तो तुझ्या पणज्याची थाप आयकान!" शेवंती उलटली.

आता एकीला खजिना, दुसऱ्याला वाघ. आमच्या काकांच्या कुलपाने काय नुसतंच लोंबायचं? म्हणून मी बैलगाडी काढली.

समीक्षा भराभर लिहीत होती. मिंगेल मधून मधून "अहो मॅडम, तसं नाही," म्हणत होता, पण त्याचं ऐकतो कोण! शेवटी तिने पेन बंद केलं.

"काका, म्हणजे हे सगळं शंभर वर्षांहून जुनं. मग या दुर्मीळ वस्तू झाल्या. त्या घराच्या साध्या विम्यात बसत नाहीत. एकेका कुलपाला तज्ज्ञाचा दाखला लागेल."

"दुर्मीळ-बिर्मीळ काही नाही हो. साधं लोखंड आहे."

"लोखंड?" शेवंती कडाडली. "लोखंड तुझ्या घरचा! खजिन्याचा म्हणतंय मां मी?"

"लोखंड लिहू?" समीक्षा म्हणाली. "पण मोडीचा विमा कशाला, असं साहेब विचारतील."

"मधलं काही नाही का, मॅडम? म्हणजे जुनं, पण तेवढं जुनं नाही. मोलाचं, पण महाग नाही."

तिने कपाळ पुसलं. "असा रकाना नाही, काका."

मिंगेल आमच्याकडे वळला. त्याच्या मानेची शीर टरारली होती. "एकदा तरी खरा सांगा रे! वाघ नाय होतो, खजिनो नाय होतो, आणि भाईच्या काकाची बैलगाडी फक्त शेण व्हावूक होती. सांगा!"

शेवंती पदर नीट करू लागली, बाबली छपराचे वासे मोजू लागला. मीही वासेच मोजले. मिंगेलसाठी आम्ही रात्री-अपरात्री धावलो असतो, विहिरीत उतरलो असतो. पण चारचौघांत आपल्याच काकांचं कुलूप मोडीत काढायचं, हे जरा जास्तच झालं.

निघताना समीक्षा उंबऱ्यावर थबकली. "चोरीच्या विम्याला एक अट असते. बाहेर जाताना या दाराला कुठलं कुलूप लावता?"

मिंगेलने कडीला लोंबणारं सुंभ दाखवलं. "कोंबड्या आत शिरतात, म्हणून बांधतो."

"घरात एवढी कुलपं, आणि दाराला सुंभ?"

"कुलूप घर सोडणाऱ्याने लावायचं, मॅडम. मी कुठे जातोय?"

तिने एकदा त्या भिंतीकडे पाहिलं आणि स्कूटर सुरू केली.

मग फोन सुरू झाले. मिंगेल कंपनीला लावायचा, सांगतील ते बटण दाबायचा, पलीकडे गाणं वाजायचं. गाणं त्याला पाठ झालं. चर्चच्या गायनात तीच चाल लागली म्हणून पाद्रीने त्याला मागे बसवलं असं मी सगळीकडे सांगतो. एकदा खरोखरच कोणीतरी फोन उचलला. "कुलपं माझी नाहीत, लोकांच्या घरांची आहेत," मिंगेल समजावू लागला. "मग ती तुमच्याकडे कशी आली?" पलीकडून इतक्या थंडपणे प्रश्न आला की मिंगेलने घाबरून फोनच ठेवला.

नाताळाच्या तोंडावर पाकीट आलं. घर विम्यात होतं, छप्पर होतं, फ्रिज होता. कुलपं शेवटच्या पानावर होती. 'विम्यातून वगळलेल्या वस्तू: भिंतीवरील जुन्या कुलुपांचा संग्रह.' खाली शिक्का. मिंगेलने तेवढं पान काच लावून घेतलं आणि भिंतीच्या मधोमध टांगलं.

रोनी सुट्टीवर आला. त्याने ते वाचलं. "पप्पा, ह्येंचो विमो नाय असा लिवलेला आसा."

"माका वाचूक येता."

"मगे काच कित्याक लावलंस?"

"संग्रह म्हटल्यानी. भंगार नाय म्हणूक."

रोनी भिंतीच्या अगदी जवळ गेला. मी बैलगाडी ओठांवर आणली आणि गिळली. मग त्याने एका कुलपाला हात लावून विचारलं, "ह्या कोणाचा?" मिंगेलने सांगितलं. पुढचं कोणाचं, तेही. जेवणं थंड झाली.

जायच्या आदल्या संध्याकाळी रोनी बापाला म्हणाला, "आमी थंय इंग्लंडात घर घेतलंव, पप्पा."

"बरा केलंस," मिंगेल म्हणाला, आणि कोंबड्या झाकायला गेला.

पुढच्या रविवारी मी चहाला गेलो, तेव्हा तो वाटी घेऊन भिंतीच्या पार टोकाला उभा होता. तिथे एक नवीन खिळा होता, वाकडा ठोकलेला. मिंगेलने आयुष्यात वाकडा खिळा ठोकला नाही. त्यावर प्रवासाच्या बॅगेचं छोटं कुलूप लटकत होतं, आकडे फिरवून उघडायचं.

ते कोणाच्या घराचं, हे त्याने मला सांगितलं नाही. मी आपला चहा ओतून घेतला.

त्याने थेंब सोडायला बोट पुढे नेलं. मग ते कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं. त्याला किल्लीचं भोकच नव्हतं. तेलाचं बोट त्याने वरूनच, सगळीकडून फिरवलं.